दामूअण्णांचा पुढचा दात

दामूअण्णा नव्या माणसाला भेटले की आधी त्याचे दात बघतात. माझ्या भाचीला बघायला मुलगा आला होता, तेव्हा अण्णा सहज डोकावले आणि त्या इंजिनिअर मुलाला म्हणाले, "जरा वरचा ओठ उचला." त्याने घाबरून उचलला. अण्णांनी मान डोलावली आणि पोह्यांची बशी पुढे ओढली. नंतर जिन्यात मला म्हणाले, पोराचे दात लय सरळ हायेत, उगाच कॉम्प्युटरवर वाया घालवले.

अण्णा आमच्या वरच्या मजल्यावर राहतात आणि ट्रंपेटवर शास्त्रीय संगीत वाजवतात. आलापापासून द्रुत बंदिशीपर्यंत, सगळं रीतसर. ट्रंपेटचा सगळा भार ओठांवर आणि पुढच्या दातांवर, म्हणून या दोन गोष्टींभोवती त्यांनी आपला संसार बेतला आहे. जन्म नाशकात काढून हा माणूस मिसळ बिनतर्रीची खातो. पेरू किसून खातो. झोपताना ओठांना साजूक तूप चोळतो. कुणी भेटलं तर "कसं काय" न विचारता "फुंक कशी हाय?" विचारतो. मीही आता सवयीने "बरी आहे" म्हणून टाकतो.

वडलांचा लग्नात वाजवणारा बँड होता. अण्णांनी झांजांपासून सुरुवात केली आणि मिसरूड फुटायच्या आत ट्रंपेट हातात घेतलं. मग पंचवटीतल्या एका गवयाकडे राग शिकायला गेले. गुरुजी म्हणाले, या भोंग्यातून मींड निघाली तर मी मिशी काढीन. ट्रंपेटला बटणं तीन, त्यातून एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायचं कसं? अण्णांनी बटण अर्धंच दाबून सूर वळवायची युक्ती शोधली. वर्षभराने गुरुजी बिनमिशीचे दिसू लागले.

पुढे पंचाईत अशी झाली की अण्णा वरातीतही वेळेचा राग वाजवू लागले. एकदा वरात निघायला संध्याकाळ झाली, म्हणून यांनी काळीज पिळवटणारा मारवा धरला. नवरी अजून मांडवातही आली नव्हती आणि वऱ्हाडात रडारड सुरू. वडलांनी त्याच दिवशी त्यांना बँडमधून काढलं. पण त्यामुळेच अण्णा मैफली करू लागले. कलकत्ता, धारवाड, इंदूर, सगळीकडे वाहवा झाली. पण पिकतं तिथं विकत नाही. नाशकात आमची छोटीशी संगीतसभा आहे. तिच्या कार्यकारिणीत मी बरीच वर्षं भांडलो. उत्तर ठरलेलं असायचं: वरातीचं वाद्य आपल्या मंचावर नको.

शेवटी यंदा कार्यकारिणीने होकार दिला. रविवारची संध्याकाळ ठरली. अण्णांनी नवा झब्बा शिवून घेतला, आणि त्याच आठवड्यात वरचा पुढचा दात हलायला लागला. दातांचे डॉक्टर म्हणाले, फार तर एकदा वाजवाल, दुसऱ्यांदा हा टिकायचा नाही. अण्णा मऊ भातावर आले. दाताला वारा लागू नये म्हणून खुणांनी बोलू लागले. जिन्यात भेटले की मी दाताची चौकशी करायचो, ते बोट वर करून "आहे" अशी खूण करायचे.

शनिवारी निफाडला रघूच्या मुलाचं लग्न होतं. रघू म्हणजे अण्णांच्या वडलांच्या बँडमध्ये अण्णांच्या मागे चालणारा ढोलवाला, अण्णांचा बालमित्र. गेल्या वर्षी लकवा होऊन त्याचा उजवा हात गेला. मी अण्णांना गाडीतून घेऊन गेलो. त्यांनी ट्रंपेटही बरोबर घेतलं, कारण त्याला घरी एकट्याला करमत नाही.

वरात डीजेची होती. गावात शिरताना डीजेचा जनरेटर एकदा खोकला आणि बंद पडला. पोरं तारा हलवत बसली. घोड्यावर नवरा, पुढे वऱ्हाड, वर ऊन, आणि आवाज नाही. लोक हळूहळू सावलीला सरकू लागले. रघू माझ्या गाडीला टेकून उभा होता आणि खाली बघत होता. अण्णांनी पेटी उघडली. मी त्यांचा हात धरला आणि म्हणालो, "अण्णा, उद्या सभा आहे."

"बँडवाल्याच्या पोराची वरात मुकी जाईल का साहेब?" ते म्हणाले. आठवड्यात मी त्यांचं ऐकलेलं हे पहिलं वाक्य.

दुपार होती, म्हणून सारंगच. आधी सावकाश, तर लोक नुसते बघत राहिले. मग रघूने डाव्या हाताने माझ्या गाडीच्या बॉनेटवर ठेका धरला. अण्णांनी मागे वळून त्याच्याकडे पाहिलं आणि लय चढवली. त्यानंतर काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. डीजेची पोरं नाचली, सावलीतले म्हातारे नाचले. मी, सभेचा कार्यकारिणी सदस्य, नवऱ्याच्या मावशीबरोबर फुगडी घातली. गाडी रघूच्या चालीने हळूहळू पुढे जात होती, आणि ती कोण चालवत होतं हे मला आजही माहीत नाही.

मांडवाच्या दारात वरच्या षड्जावर दात निखळला. अण्णांनी तो रुमालात घेतला आणि तोंडभर हसले. रघूने एका हाताने त्यांना मिठी मारली.

परतताना मला राग आला होता आणि रडूही येत होतं. सभेला काय सांगू, या वयात नवा दात ओठाच्या ओळखीचा व्हायला किती दिवस लागतील, मी बडबडत होतो. अण्णा खिडकीतून द्राक्षांचे मळे बघत होते.

"सभेत तबला चांगला मिळाला असता," ते म्हणाले. दात गेल्यामुळे शब्दांतून वारा जात होता. "पण खरं सांगू? कलकत्त्याला टाळ्या पडल्या, तवा मी मागं वळून बघितलं. धारवाडला पण बघितलं. दर बारीला बघतो. रघू नसतोच."

त्यांनी खिशातला दाताचा रुमाल चाचपला.

"आज होता."