राहीबाई बसल्या की

राहीबाई गाडीत बसल्या की गाडीचा दमच जायचा. अंजूरचे रामनाथशेठ एकटे असले की तीच डिझेलची गाडी वाऱ्यासारखी पळायची. पण बायको शेजारी बसली की पाच-दहा मिनिटांत समोर इंजिनाचा पिवळा दिवा लागायचा, आणि मग कितीही पाय दाबला तरी गाडी भरल्या बैलगाडीसारखी सरकायची. खारबावला राहीबाईंच्या भाच्याचा साखरपुडा होता, त्या दिवशी ती पुलाच्या चढावर अशी रेंगाळली की दोघं पोचले तेव्हा पंगती उठल्या होत्या.

धामणकर नाक्यावरचा पहिला मिस्त्री म्हणाला, धूर परत इंजिनात फिरवणारा व्हॉल्व्ह काजळीनं चोंदलाय. त्यानं तो धुऊन दिला. दुसऱ्यानं व्हॉल्व्हच नवा बसवला. दोघांनी चालवून दाखवली तेव्हा गाडी झकास चालली. संध्याकाळी राहीबाई बसल्या आणि दिवा लागला. तिसऱ्यानं बॉनेटही उघडलं नाही. त्यानं राहीबाईंकडे एकदा बघितलं, शेठना बाजूला घेतलं आणि गाडीला लिंबू-मिरची बांधायला सांगितली.

ही बातमी खारबावला पोचायला कितीसा वेळ? वरातीच्या गाडीत आत्याला बसवू नका, तिचा पायगुण बरा नाही, असं माहेरी कुणीतरी बोललं. राहीबाईंनी ते ऐकून घेतलं आणि लग्नासाठी काढलेली साडी परत कपाटात ठेवली.

"तुमी जा. मी न्हाय येत," एवढंच त्या हळू आवाजात म्हणाल्या.

बायकोचं ओरडणं शेठांच्या अंगवळणी पडलं होतं. हे हळू बोलणं मात्र त्यांना सोसवेना.

नाक्यामागच्या गल्लीत गाड्यांचं वायरिंग करणारी नेत्रा होती. तिनं गाडीला लॅपटॉप जोडला. व्हॉल्व्ह किती उघडलाय हे कळवणारा सिग्नल मध्येच तुटत होता. पण व्हॉल्व्ह तर नवा होता. कोण गप्प झालं ते मशीन सांगतं, त्याचं तोंड कुणी दाबलं ते सांगत नाही, असं म्हणत तिनं स्टूल ओढलं आणि शेठना सांगितलं, काकींना घेऊन या.

राहीबाई रिक्षानं आल्या, तोंड वळवूनच. नेत्रानं त्यांना पाणी दिलं.

"काकी, गाडीत बसल्यावर तुम्ही काय काय करता?"

"दरवाजा लावते, पट्टा बांधते, एसी फुल करते. हे एकटे असले का काच खाली करून जातात. एसी लावला का पुढं ठक्क होतं, आन् थोड्या टायमानं दिवा लागतो."

नेत्रानं इंजिन चालू करून वीज मोजायच्या मीटरच्या दोन सुया सिग्नलच्या वायरला लावल्या आणि काकींना बटण दाबायला सांगितलं. एसी लागला, इंजिननं खांदे उडवावेत तसा हिसका दिला, आणि मीटरवरचा आकडा शून्यावर आला. पुन्हा केलं, पुन्हा शून्य. आपले हात कधी जोडले गेले, हे रामनाथशेठना कळलंच नाही.

डोळे मिटून नेत्रा त्या वायरवरून बोटं फिरवत गेली आणि एका ठिकाणी थांबली. वरून वायर धडधाकट होती. तिनं ती सोलली तर आत हिरवी भुकटी. खाडीच्या खाऱ्या हवेनं तांबं खाल्लं होतं. केसासारखे दोनच धागे शिल्लक होते. हिसका बसला की तेही सुटायचे. एवढी थोरली गाडी या दोन धाग्यांवर चालली होती! शेठ वाकून बघतच राहिले.

नवी वायर जोडल्यावर एसी फुल करून, राहीबाईंना पुढं बसवून सगळे पुलावर जाऊन आले. गाडी चढ गिळत गेली. राहीबाईंनी चालत्या गाडीतूनच माहेरी फोन लावला आणि कळवलं, आत्या येतेय आणि वरातीच्या गाडीत पुढंच बसणार हाय.

दुकानाशी उतरल्यावर रामनाथशेठ भारावून नेत्राला म्हणाले, "पोरी, तू कसं गं वळखलंस?"

"मी कुठं ओळखलं काका? काकींनी सांगितलं. मी फक्त विचारलं."

शेठ बायकोकडे वळले. "मग तू हे आदी का न्हाय बोललीस?"

"पयल्या मिस्त्रीला बोलली, दुसऱ्यालाबी बोलली," राहीबाई शांतपणे म्हणाल्या. "दोनी टायमाला तुमीच मना बोललात, तुला गाडीतला काय कळतं, गप बस."

शेठांनी आधारासाठी नेत्राकडे बघितलं. ती मीटरची वायर गुंडाळण्यात अगदी गढून गेली होती.