ब्रेक कोरे करकरीत, म्हणून थांबता येत नाही!

दुसऱ्याच्या बोलण्यावर विश्वास न ठेवण्यात माझा हात धरणारा कुणी असेल, तर त्यानं समोर यावं! मी त्याच्यावरही विश्वास ठेवणार नाही. सेरेंबानच्या शाळेत चौतीस वर्षं मुलांची रजेची कारणं ऐकलीत मी. एकच आजी वर्षातून पाच वेळा वारलेली पाहिली आहे!

तर मला गाडीसाठी ब्रेकच्या डिस्क घ्यायच्या होत्या. सेपांगला शर्यतीच्या ट्रॅकवर, पैसे भरून आपापली गाडी पळवायचा दिवस रविवारी होता. मागच्या खेपेला जुन्या डिस्क तापल्या, ब्रेकनं मान टाकली आणि मी गाडीसकट खडीत रुतलो. तेव्हा बायको, रोकिया, एवढंच म्हणाली, "अहो, या गाडीपायी आणखी एकदा डोक्याला ताप झाला, की ती माझ्या मावसभावाला विकलीच म्हणून समजा!" मावसभाव तेवढ्यात येऊन मागच्या सीटवर कोंबडीखाद्याची किती पोती मावतात ते बघूनही गेला!

मी तडक गाड्यांचे सुटे भाग विकणाऱ्या तौके होरच्या, म्हणजे होरशेठच्या, दुकानात गेलो.

"साध्या घ्या, चिकगू," तो म्हणाला. मास्तरांना आमच्याकडे सगळे चिकगूच म्हणतात. "स्वस्त, जाड, टिकाऊ."

दुकानदार स्वतःहून स्वस्त माल सुचवतो? काहीतरी काळंबेरं आहे!

"आणि त्या भोकांच्या?"

"दिसायला झकास. पण ट्रॅकवर तापल्या की भोकांपाशी तडे जातात."

"लोखंड कमी आणि दाम जास्त! भोकांचे पैसे लावतोस होय रे?"

"मग या चऱ्यांच्या घ्या."

मी दोन्ही शेजारी ठेवून चष्म्यातून पाहिल्या. एकीचे चरे इकडे कललेले, दुसरीचे तिकडे!

"दोन वेगळ्या जोड्यांतल्या माझ्या गळ्यात मारतोस?"

"चिकगू, एक उजवी, एक डावी. तुमचे तळहात शेजारी ठेवून बघा!"

मी बघितले. वाद घालायला जागाच उरली नाही, म्हणून त्याच घेतल्या.

"आता नीट ऐका," डिस्क बसवून झाल्यावर तो म्हणाला. "यांना आधी मुरवावं लागतं. शंभराच्या वेगावरून वीसवर यायचं, असं दहा वेळा. मग गार होईपर्यंत दहा मिनिटं अजिबात थांबायचं नाही. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून उभे राहिलात, तर पॅडचा शिक्का उठतो. मग ब्रेक लावला की गाडी हिवताप आल्यासारखी थडथडते."

आयुष्यात मी एवढ्या एकाच गोष्टीवर विश्वास ठेवला, वाचकहो!

शनिवारी सकाळी पामच्या मळ्यांतला मोकळा रस्ता गाठला. शंभर, वीस! शंभर, वीस! मागून फळांनी लादलेला एक लॉरीवाला येत होता. मी ब्रेक लावला की तो भोंगा वाजवायचा. दहावा ब्रेक संपून तीन मिनिटं होतात न होतात, तोच शेजारी मोटरसायकलवर पोलीस!

"पाकचिक, बाजूला घ्या!" तो ओरडला. अनोळखी काकांना आमच्याकडे पाकचिक म्हणतात.

"थांबता येत नाही, साहेब!"

त्याचा चेहरा पडला. "ब्रेक गेले?"

"छे! कोरे करकरीत आहेत!"

"मग थांबा!"

"कोरे आहेत म्हणूनच थांबता येत नाही!"

तेवढ्यात लॉरीवाला बरोबरीनं आला आणि खिडकीतून ओरडला, "साहेब, सोडू नका म्हाताऱ्याला! पुढे येऊन कचकन ब्रेक दाबतो! मागच्यानं ठोकलं की भरपाई उकळणारी टोळी आहे ही!"

"आणि हा धूर कसला?" पोलिसानं चाकांकडे पाहत नाक फेंदारलं.

"मुरवतोय, साहेब!"

"काय मुरवताय? हातभट्टी?"

"डिस्क! सात मिनिटं द्या फक्त!"

त्यानं वायरलेस तोंडाशी धरला. "संशयित पळून जातोय. वेग वीस. सात मिनिटांनी थांबतो म्हणतोय." पलीकडून आवाज आला, "पुन्हा सांग?"

पुढे चौकात गोल होता आणि त्याच्या पलीकडे पोलिसांची जीप आडवी! मी गोलाला फेऱ्या घालायला लागलो. पोलीस मोटरसायकल लावून मधोमध उभा राहिला आणि माझ्याबरोबर फिरत फिरत शिट्टी फुंकू लागला. विसाव्या फेरीला त्याला भोवळ आली. शिट्टी तोंडात ठेवूनच तो गवतावर बसला!

दहा मिनिटं भरली. मी लोण्यावर सुरी ठेवावी तशी गाडी उभी केली. डिस्क वाचल्या! आनंदानं दोन्ही हात वर करून उतरलो. जीपमधल्यांना वाटलं, शरण आला!

चौकीत अधिकाऱ्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "चिकगू," तो म्हणाला, "ब्रेक नाहीत म्हणून न थांबलेले पुष्कळ बघितले. ब्रेक चांगले आहेत म्हणून न थांबलेले तुम्ही पहिले." आणि गाडी तपासणीसाठी चौदा दिवस आवारात लावली. उघड्यावर. आमच्याकडे दुपारी पाऊस चुकत नाही! दहा मिनिटं थांबू नये म्हणून मी एवढी शर्थ केली, आणि डिस्क चौदा दिवस एकाच जागी पॅड कवटाळून भिजत राहिल्या. गंजानं असा ठसठशीत शिक्का उठला, की सरकारी कागदावर शोभावा!

गाडी सोडवायला रोकिया बरोबर आली होती. फाटकाबाहेर पहिला ब्रेक लावला आणि थडथडथडथड! माझा चष्मा नाकावरून मांडीवर!

"अहो," ती म्हणाली, "गाडी थरथरतेय की तुम्ही?"

"दोघंही."

एवढ्या वर्षांत माझं एवढं एकच बोलणं तिनं उलटतपासणी न घेता मान्य केलं, आणि चावीसाठी हात पुढे केला.