परबांच्या म्हाताऱ्याचा नवा मेंदू

परब रोज सकाळी देवाला हात जोडण्याआधी कॉम्प्युटरच्या कपाळाला हात लावून ताप बघतात. मुलुंडच्या आमच्या बिल्डिंगमध्ये याचं आता कुणाला काही वाटत नाही. टीव्हीखाली बसलेला तो काळा खोका म्हणजे त्यांचा ‘म्हातारो’. त्यावर ते सिनेमे बघतात, भजनं ऐकतात आणि अख्ख्या बिल्डिंगच्या जुन्या व्हिडिओ कॅसेटी मोबाईलवर चालतील अशा करून देतात. तेही हौसेनं.

या कामाला एन्कोडिंग म्हणतात, आणि त्यात म्हाताऱ्याला धाप लागायची. एका मुंजीला अख्खी दुपार. पंखा असा घरघरायचा, की मंगलाष्टकं बुडून जायची. “घाई कित्याक? तेका दम लागता,” म्हणत परब चहा टाकायचे. कॅसेटवाला बसायचा, पाठोपाठ त्याची बायको यायची, मग मी. परबांची बायको गेल्यापासून त्या घरात माणसांचा आवाज असायचा तो या खोक्यामुळे.

“काका, नवीन घ्या ना यार!” वरच्या मजल्यावरची स्वाती म्हणाली.

“हात-पाय धड आसत गो. फक्त मेंदू बदलूया.”

त्याच जुन्या मदरबोर्डवर बसेल असा, पण दमदार प्रोसेसर त्यांनी कुठून तरी सेकंडहँड पैदा केला. बिस्किटाएवढा तुकडा. ऑपरेशनला आम्ही सगळे हजर, टॉर्च माझ्याकडे. परबांनी जुना प्रोसेसर उचलला, पुसला, कापसात गुंडाळून देवघरात ठेवला. नव्यावर, तो तापू नये म्हणून, पेस्टचा थेंब ठेवताना नेमका माझा टॉर्च हलला.

“वहिनी, हात!”

“वय झालं माझं.”

“म्हाताऱ्याचापण झाला. तो हलला काय?”

म्हातारा उठला. चहाला उकळी यायच्या आत जोशांची मुंज तयार! आम्ही टाळ्या वाजवल्या.

आणि तिथेच वाट लागली. लोक दारातूनच कॅसेट देऊ लागले. “बसा मरे,” परब म्हणायचे. “नको काका, होईलच ना लगेच.” चपलासुद्धा कुणी काढेना. डब्यातली खारी मऊ पडली.

मग एका दुपारी मी माझी कॅसेट घेऊन गेले. बिल्डिंगच्या स्नेहसंमेलनातला माझा तरुणपणीचा नाच. ती तरुण बाई मला मुळीच आवडत नाही. केस कुरळे केलेले, हॉलच्या आत गॉगल, आणि गाणं संपलं तरी हिचं चालूच. लोक टाळ्या वाजवतायत असं तिला वाटलं; लोक तिला थांबवत होते.

“वेळ लागतलो, वहिनी,” परब म्हणाले.

“नव्या मेंदूला?”

“क्वालिटी वाढवलंय. साडी नीट दिसाक होयी ना.”

मी चष्मा लावला. स्क्रीनवर वेगाच्या यादीतला अगदी तळाचा पर्याय निवडलेला होता: ‘व्हेरी स्लो’. कॅसेट तर इतकी खराब, की माझ्या नाकाचा पत्ता नव्हता, साडी कुठली दिसायला! परब माझ्या चपलांकडे बघत होते.

मी चपला काढल्या. “टाका चहा.”

संध्याकाळपर्यंत ती बाई नाचत होती आणि परब पोट धरून हसत होते.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले. कॅसेट तीच, कव्हर तेवढं वेगळं. परबांनी ती उलटसुलट करून पाहिली, माझ्याकडे पाहिलं, आणि आत जाऊन दोन कप काढले.