एक नंबरचा कापूस

गादीवाल्याला जगात एकाच गोष्टीचा गर्व होता, तो म्हणजे कापसाचा. चिमूटभर कापूस दोन बोटांत चुरून तो सांगायचा, हा नवा, हा जुन्या उशीतला, आणि हा कुणा लबाडाने दोन्ही मिसळून विकलेला. कापसातलं आपल्याला कुणी शिकवू नये, असं तो गिऱ्हाइकांना ऐकवायचा आणि गिऱ्हाइकं मान डोलवायची. त्यामुळे नसबंदीची शस्त्रक्रिया झाल्यावर दवाखान्यातली परिचारिका जखमेची काळजी समजावून सांगू लागली, तेव्हा त्याचं निम्मं लक्ष तिच्या हातातल्या कापसाकडे होतं. काय तो कापूस! त्याने तो उशीतही भरला नसता.

परिचारिका मात्र नेटाने सांगत होती. जखम कोरडी ठेवायची, पट्टी भिजली तर इकडे यायचं, जड काही उचलायचं नाही. ताप आला, सूज वाढली किंवा पू दिसला तर घरी बसून वाट बघायची नाही. जखमेत जंतू क्वचितच शिरतात, शंभरात एखाद्याला त्रास होतो, पण झाला तर अंगावर काढायचा नाही. गादीवाल्याने त्या शंभरातल्या एखाद्याबद्दल मनापासून हळहळ व्यक्त केली आणि तो घरी आला.

शस्त्रक्रियेचं ठरवलं त्याचं त्यानेच. गेल्या वर्षी बायकोचं दुसरं बाळंतपण झालं ते झालं नसतं तर बरं, असं होतं. बाळाने डोळेसुद्धा उघडले नाहीत. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, बाळंतीण वाचली आहे, पण पुन्हा दिवस गेले तर वाचेलच असं नाही. त्या दिवसापासून बायको नुसती ‘जरा गरगरतंय’ म्हणाली तरी तो हातातलं काम टाकून धावत यायचा. दिवस न जाण्याच्या गोळ्या तिला सोसत नव्हत्या, आणि बाळंतपणातल्या शस्त्रक्रियेनंतर तिच्या अंगावर आणखी एक शस्त्रक्रिया करायला डॉक्टर तयार नव्हते.

“आजवर सगळं तूच सोसलंस,” तो तिला म्हणाला होता. “एवढं माझ्याकडे दे.”

प्रश्न होता तो आईचा. येणाऱ्या बाळासाठी आईने स्वतः इवलीशी गादी शिवली होती. बाळ गेल्यावर तिने ती उसवली, कापूस पुन्हा पिंजायला टाकला आणि कुणाशी काही न बोलता ती कामाला लागली. घरात सहा वर्षांची नात होती, पण आईच्या मनात अजून एका नातवंडाची आस असणारच, असं गादीवाला धरून चालला. विचारलं मात्र कधीच नाही. त्यामुळे आईने ‘असा वाकडा का चालतोस?’ म्हणताच त्याच्या तोंडून निघून गेलं, “कंबर धरली आहे.”

बायकोने कपाळाला हात लावला. दुसरं काहीही चाललं असतं, पोट, डोकं, दाढ. पण या घराच्या दुकानावर हातभर अक्षरांत पाटी होती, ‘आमच्या गादीवर कंबर दुखत नाही’. खुद्द गादीवाल्याचीच कंबर धरली हे बाहेर कळलं तर दुकानाला कुलूप लागेल, असं आईचं म्हणणं पडलं. तेव्हा बोभाटा होण्याआधी कंबर बरी करायची, आणि तीही घरातच, असं तिने जाहीर केलं.

उपचार लगेच सुरू झाले. आईने त्याला पालथं पाडलं आणि तेल लावून दोन्ही हातांनी रगडलं. त्याच्या तोंडून जो आवाज निघाला, त्यावरून दुखणं खोलवर आहे अशी तिची खात्री पटली. मग तिने नातीला त्याच्या कमरेवर चालायला लावलं. पोरीला फार मजा आली, ती दोनदा चालली. शेवटी सोसवेल एवढ्या गरम पाण्याचं मोठं घंगाळ भरून त्याला त्यात कमरेपर्यंत बसवण्यात आलं, आणि पाणी निवेपर्यंत आई न्हाणीच्या दाराबाहेर बसून राहिली.

पट्टी अर्थातच चिंब भिजली. शहाणा माणूस उठून दवाखान्यात गेला असता. पण तिथे जायचं तर आईला काय सांगायचं? आणि ओला गोळा झालेला तो दवाखान्याचा कापूस बघून त्याचा जुना गर्व उफाळून आला. दुकानात नुकताच पिंजलेला कापूस पडलेला होता, लांब धाग्याचा, एक नंबरचा! त्या ढिगावरून दिवसभर माणसं ये-जा करत होती हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. त्याने त्यातला ओंजळभर घेतला, छान फुलवला आणि जखमेवर बसवला. कसं वाटतंय, असं बायकोने विचारलं तेव्हा तो म्हणाला, आता कुठे जरा मऊ लागतंय.

पुढे हेच चक्र सुरू झालं. आई घंगाळात बसवी, कापूस भिजे, तो नवा लावी. जुन्याचे धागे जखमेला चिकटून राहत, ते ओढून काढण्याची त्याला छाती होईना. सूज वाढली, चाल आणखी फाकली, ती बघून आईने पाणी आणखी गरम केलं. मग ताप आला. बायको काकुळतीला आली. आपण आईंना खरं सांगू या, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

“नको,” तो म्हणाला. “एकदा तिने गादी उसवली आहे. पुन्हा तिची आशा माझ्या हातून मोडायला नको.”

दुसऱ्या दिवशी दुकानात एक नवराबायको गादी बघायला आले. अंगात ताप फणफणत असताना गादीवाला नेहमीसारखा गादीवर आडवा होऊन दाखवू लागला. कूस वळा, कशीही वळा, असं म्हणता म्हणता त्याचे डोळे मिटले आणि तो गप्पच झाला. गिऱ्हाईक थक्क! विकणारा बोलता बोलता झोपी जातो, याहून मोठी हमी कुठली? त्यांनी तीच गादी पसंत केली आणि त्याच्या बायकोला हाक मारली, यांना जरा उठवा म्हणजे आम्हाला ती नेता येईल. तिने त्याच्या अंगाला हात लावला, तर ते निखाऱ्यासारखं भाजत होतं, आणि तिने ओरडून सासूला बोलावलं.

दवाखान्यात आईने डॉक्टरांना खणखणीत आवाजात सांगितलं की मुलाची कंबर धरली आहे. डॉक्टर कंबर तपासू लागले. शेवटी बायकोने रडत रडत सगळं सांगून टाकलं. आईला बाहेर बसायला सांगितलं, तशी ती जाऊन बसली.

आत डॉक्टर चिमट्याने एकेक धागा काढत होते. त्यांनी विचारलं, हा कापूस कुठला? गादीवाला तशा ग्लानीतही म्हणाला, एक नंबरचा आहे. असेल, डॉक्टर म्हणाले, गादीसाठी. मग त्यांनी जखम उघडून पू काढला, सलाईन लावलं आणि बायकोला बाजूला घेऊन सांगितलं की अजून उशीर झाला असता तर विष रक्तात भिनलं असतं, आणि मग कुणाच्याच हातात काही राहिलं नसतं.

ताप उतरून त्याने डोळे उघडले तेव्हा आई उशाशी बसली होती. त्याला वाटलं, आता बोलणी बसणार. त्याने तोंड फिरवलं.

“आई, तुला अजून एक नातवंड हवं होतं ना,” तो भिंतीकडे बघत म्हणाला.

“मला कधी विचारलंस?”

त्याने मान वळवून तिच्याकडे बघितलं.

“तुझ्यानंतर मला दोन झाली,” ती म्हणाली. “दोन्ही गेली. दुसऱ्या वेळी मीही जवळजवळ गेलेच होते. बरी झाले, उठून कामाला लागले, आणि सगळे म्हणाले, होईल अजून. तुझे बाबा चांगले होते रे. पण पुरे आता, असं तेही कधी म्हणाले नाहीत. मी वाट बघत होते, कुणीतरी म्हणेल.”

गादीवाल्याला रडू आवरेना. रडताना जखम ओढली जात होती, तरी तो रडला. तू तिच्यासाठी केलंस ते चांगलं केलंस, आई म्हणाली, पण त्यापायी तूच गेला असतास तर ती आणि मी एकमेकींना काय तोंड दाखवणार होतो?

तेवढ्यात डॉक्टर फेरीवर आले. आईने डोळे पुसून विचारलं, आता सुनेच्या जिवाला धोका नाही ना? डॉक्टर म्हणाले, इतक्यात तसं म्हणता येणार नाही. शस्त्रक्रियेचा गुण यायला तीनेक महिने लागतात, मग तपासणी करून खात्री करायची, तोवर दुसरे उपाय करत राहायचे. एवढं सांगून ते पुढच्या खाटेकडे वळले.

आईने सगळं नीट ऐकून घेतलं आणि क्षणभर विचार केला.

“सून माझ्या खोलीत झोपेल,” ती म्हणाली. “तू दुकानात.”

“अगं पण आई, डॉक्टर म्हणाले ना, दुसरे उपाय आहेत...”

“तुझे उपाय बघितले मी,” आई म्हणाली, आणि तिने त्याचं पांघरूण नीट केलं.