बारदाना वजा जाता अप्पा

ज्या मंगळवारी माझी पत्नी वारली, त्याच मंगळवारी शेजारच्या वीरभद्रअप्पांचं जठर शहरातल्या दवाखान्यात कापून लहान केलं. दोन्ही घरांतलं जेवण त्या दिवशी थांबलं.

आमच्या युसूफ वडगाव या गावात अप्पांचं धान्याच्या आडतीचं दुकान. माणसाचं वजनही ते क्विंटलमध्ये सांगतात. ऑपरेशनला गेले तेव्हा ते एक क्विंटल एक्केचाळीस होते. परत आल्यापासून रोज सकाळी धान्याच्या काट्यावर उभे राहतात आणि धान्यातून रिकाम्या पोत्याचा बारदाना वजा करावा तसं धोतर, सदरा आणि टोपी यांचं वजन वजा करतात. गळ्यातलं इष्टलिंग मात्र वजा करत नाहीत. "ते माज्यातच धरायचं," म्हणतात.

आमच्याकडे घरातलं माणूस गेलं की शेजारी ताट घेऊन येतात आणि घरच्यांना समोर बसवून घास खायला लावतात. त्याला कडू घास म्हणतात. अप्पा तेव्हा दवाखान्यात होते. नवव्या दिवशी ते आले. एका हातात सुनेनं वाढलेलं ताट, दुसऱ्या हातात गाळलेल्या वरणाच्या पाण्याचा ग्लास.

"मास्तर, कडू घास ऱ्हायला माजा."

मी शाळेत ग्रंथपाल होतो, पण अप्पांच्या लेखी शाळेतले सगळे मास्तरच.

"जात नाही अप्पा."

"मला तरी कुठं जातंय? डाक्टरनं वाटीएवढंच पोट ठिवलंय. तुमी एक घास, मी एक घोट. बसा."

मग हे रोजचंच झालं. घड्याळ बघून ते घोट घेत. एक ग्लास संपायला तास लागे. तेवढा वेळ त्यांची चौकशी चाले. "वांग्यात कूट कमी पडलाय का? लसूण जळाला का बघा बरं. न्हाई, नीट चावून सांगा." उत्तर देण्यासाठी मला चावावं लागे.

तिसऱ्या आठवड्यात अप्पांचं वजन थांबलं. एक क्विंटल एकोणतीस, सलग सहा दिवस. त्यांनी काट्याला दोष दिला, कापसाच्या जिनिंगच्या काट्यावर जाऊन आले, शेवटी भंगारवाल्या रफिकभाईंकडे गेले.

रफिकभाई म्हणाले, "अप्पा, कशात धरू? लोखंडात का पुठ्ठ्यात?"

"लोखंडात धर बे. भाव बरा हाय."

आकडा तोच आला. सुनेनं सदऱ्याचे खिसे तपासले आणि डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, या आठवड्यात पुष्कळांचं वजन थांबतं, घाबरू नका. पण घट्ट काही खाल्लं तर नाही ना? पोट अजून कच्चं आहे.

"न्हाई बा," अप्पा म्हणाले.

मी तिथंच बसलो होतो. मला खरं ठाऊक होतं.

तेराव्यानंतर पाहुणे गेले, तेव्हापासून मला अजिबात खाववेना. एका दुपारी मी ताट सरकवलं. अप्पांनी ग्लास खाली ठेवला, माझ्या ताटातल्या भाकरीचा तुकडा मोडून तोंडात टाकला आणि म्हणाले, "आता तुमची पाळी." मी खाल्लं. नंतर चार दिवस असंच चाललं. तुकडा गिळला की थोड्या वेळानं अप्पा "आलो" म्हणून परसात जात. मी कधी विचारलं नाही.

फोन झाला त्या दुपारी मी त्यांच्यामागे गेलो. नळापाशी वाकून, एका हातानं पोटाच्या टाक्यांवर दाब देऊन, ते भाकरी ओकत होते. मला पाहिल्यावर त्यांनी चूळ भरली, धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं.

"मास्तर, तुमचं खाऊन झालं का पन?"

मी आत गेलो आणि उरलेली भाकरी त्यांच्यासमोर बसून संपवली. दुसऱ्या दिवशी ताट त्यांच्या हाताला लागणार नाही इतकं लांब ठेवलं आणि सगळं खाल्लं.

आता भाकरी मीच करतो. जाड होते. दुपारी एक वाजता मी जेवतो आणि अप्पा समोर बसून बघतात.