राजरथाची झळाळी आणि राणीसाहेबांचे माहेर

श्रीजलदेवता प्रसन्न. शके १९४४, शुभकृत् नाम संवत्सर, आश्विन शुद्ध नवमीस प्रातःकाळी राजरथाच्या बॉनेटावर पाण्याचा एक थेंब उभा होता. आकार तुरीच्या दाण्याएवढा, उंची रुंदीहून किंचित कमी, कड गोल. पसरला नाही, ओघळला नाही. राणीसाहेब अंबुजादेवी यांनी तो वाकून निरखला आणि मेण नीट बसले ऐसे मनात नोंदले.

रथ म्हणजे काळी मोटार. महाराज हैबतराव यांनी ती अकरा वर्षांपूर्वी आणविली आणि तिजवर ऐसा जीव जडला की हुकूम जाहला, राजघराण्यातील माणसाने सीमेपार जाणे ते याच रथातून, आणि रथाने निघणे ते निष्कलंक. राणीसाहेबांचे माहेर सीमेपलीकडे, अवघे दोन कोस. परंतु अकरा वर्षांत जाणे जाहले नाही. कारण ऐसे की रथशाळेचे दारोगे सखोजी पहाटे दोन बादल्या मांडीत, एकीत साबण, दुसरीत निर्मळ पाणी, आणि फडके आधी निर्मळात खंगाळून मग साबणात बुडवीत, म्हणजे वाळूचा कण रंगास ओरखडा काढीत नाही. मग टपापासून खाली धुणे, मग मऊ पंच्याने टिपणे, मग सावलीत मेणाचा पातळ हात, आणि मेण धूसर जाहले की पुसणे, ते इतके की महाराज त्यात पाहून पगडी बांधीत. मग पूजेवाचून चाक हलवू नये, सबब उपाध्ये येऊन बॉनेटावर हळदकुंकवाची बोटे ओढीत. मग महाराज डाग पाहून कळवळत आणि रथ पुन्हा धुववीत. धुतला की पूजा उतरली, सबब पुन्हा पूजा. आणि दरबारात सर्वांस रोज वाटे की प्रस्थान आता जाहलेच.

त्या नवमीस माहेराहून जासूद आला. वडील अप्पासाहेबांनी दुसऱ्याच्या हातून लिहविले होते, "चिरंजीव अंबू, एक डोळा गेला. दुसऱ्याने समईची ज्योत दिसते, माणूस पुसट दिसतो. वैद्य म्हणतात, आठ दिवस. तोवर तोंड दाखवून जा." राणीसाहेब पत्र घेऊन रथशाळेत आल्या, तो उपाध्ये पूजा आटोपून हात पुशीत होते आणि महाराज बॉनेटावरील पाच पिवळ्या बोटांकडे पाहत होते. महाराज म्हणाले, "सखोजी, बादल्या!" सखोजी म्हणाले, "सरकार, आज तिसऱ्यांदा. रंग आहे की कांदा? किती सोलायचा?" महाराज म्हणाले, "ते या उपाध्यांना विचारा. हळद लावतात की भिंत सारवतात?" उपाध्ये फणकारले, "लावीत नाही! मग वाटेत म्हैस आडवी आली तर माझ्या दारी यायचे नाही." राणीसाहेबांनी पत्र वाचून दाखविले. महाराज हळहळले आणि म्हणाले, "उद्या नक्की निघू. आज मेणाचा एकच हात." राणीसाहेब म्हणाल्या, "हे आपण पहिल्या वर्षीही म्हणाला होता." महाराज म्हणाले, "तेव्हा मेण हलके होते. शिवाय वेशीबाहेर चिखल आहे, तो वाळू दे."

धुण्याने पूजा जाते, पूजेने झळाळी जाते, आणि यास शेवट असण्याचे काही कारण नाही, हे राणीसाहेबांस पहिल्याच वर्षी उमगले होते. परंतु नवऱ्याच्या लाडक्या वस्तूवर बोलू नये म्हणून आहे तशाच रथाने निघण्याचा निश्चय अकरा वर्षे मनातच राहिला. तात्पर्य, धुणी बारा हजार, पूजा तितक्याच, प्रस्थान शून्य, इतुके जाहल्यावर सखोजी बादली उचलणार, तो राणीसाहेब दार उघडून पुढल्या आसनावर बसल्या आणि वदल्या, "बादली खाली ठेवा, सखोजी, आणि किल्ली घ्या. गाडी हळदीसकट चिखलातून जाईल. अप्पांना दिसते आहे तोवर मी पोचणार."