तत्त्वतः पंधरा वॅट

सिंगापुरात जुरोंग ईस्टमधल्या आमच्या कॉन्डोत, म्हणजे सोसायटीत, दिवाळी फराळाचा कार्यक्रम शिस्तीत पार पडला आणि दुसऱ्या दिवशी हॉलची सफाई करताना चिवड्याच्या रिकाम्या डब्यात एक ई-सिगारेट सापडली. ही गोष्ट दोन हजार अठराची. त्याच वर्षी इथे ई-सिगारेट ओढणंच काय, नुसती जवळ बाळगणंही गुन्हा ठरलं होतं. कॉन्डोचे मॅनेजर मिस्टर लिम यांनी समस्त मराठी पुरुषवर्गाला शनिवारी चौकशीसाठी बोलावलं. चौकशीतून स्त्रियांना का वगळलं, म्हणून व्हॉट्सअॅपवर लगेच निषेध नोंदवण्यात आला.

वस्तू निशिकांतची होती. सिगारेट सुटावी म्हणून त्याने ती पुलापलीकडच्या मलेशियातून, जोहोरहून आणली होती आणि आता हीच सुटत नव्हती. हॉलमध्ये कुणीतरी अचानक खांद्यावर हात ठेवला, तेव्हा घाबरून त्याने ती हाताशी असलेल्या डब्यात टाकली. त्याचा पीआरचा, म्हणजे कायमच्या वास्तव्याचा, अर्ज सरकारदरबारी पडून होता. मुलीची शाळा, स्वतःचा फ्लॅट, सगळंच त्या अर्जावर टांगलेलं होतं. त्यामुळे निघताना बायकोने, सुलेखाने, त्याला दारातच अडवलं.

"तू तिथे नुसतं बसायचंस. तोंड उघडायचं नाही."

"मी कशाला बोलतोय?"

"तू इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहेस, म्हणून सांगतेय."

"पापा, जस्ट कीप क्वाएट लाह," श्रियाने टॅबमधून मान वर न काढता, शेवटी सिंगापुरी 'लाह' लावून आईला अनुमोदन दिलं.

निशिकांत शेवटच्या रांगेत, खांबाआड बसला. मिस्टर लिमनी वस्तू टेबलावर ठेवली आणि ती कुणाची आहे असं विचारलं. कुणीच बोललं नाही. आमचे फराळ समितीचे अध्यक्ष हेमचंद्र उठले आणि सदर वस्तू समितीने मंजूर केलेल्या पदार्थांत नव्हती, असं त्यांनी स्पष्ट केलं. समितीला या घटनेचा खेद आहे, पण तो जबाबदारीविना आहे, हेही त्यांनी नोंदवून घ्यायला सांगितलं.

मिस्टर लिमनी मान डोलावली. मग त्यांनी वस्तू उचलून बटण दाबलं.

"स्क्रीनवर फिफ्टीन दिसतंय. म्हणजे फिफ्टीन व्होल्ट. व्हेरी डेंजरस, लाह."

हॉलमध्ये पुन्हा शांतता पसरली, पण मघाची शांतता भीतीची होती आणि ही असह्य होती. हॉलमध्ये इंजिनिअर खचाखच भरले होते. मीही खुर्चीच्या कडेला सरकलो.

"मला यातलं काहीच माहीत नाही," चारुदत्त अखेर उठले. ते बँकेत असले तरी मूळचे मेकॅनिकलचे. "पण तत्त्वतः, एवढ्याशा बॅटरीतून पंधरा व्होल्ट येणार नाहीत. ते वॅट असावेत."

"व्होल्ट काय नि वॅट काय, एकच ते," हेमचंद्र म्हणाले. "आकडा वाढवला की धूर वाढतो."

खांबाआडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. निशिकांत उभा होता. सुलेखाचे शब्द त्याच्या कानात असणार यात मला शंका नाही, पण कानापेक्षा पदवी मोठी.

"एकच कसं?" तो ओरडला. "एका जातीच्या यंत्रात तुम्ही व्होल्टेज ठरवता. मग आतली तापणारी तार, म्हणजे कॉइल, बदलली की वॅट बदलतात. कमी ओहमची बसवली तर तेवढ्याच व्होल्टेजला कॉइल जास्त तापते आणि घशाला करपट लागतं. दुसऱ्या जातीत तुम्ही वॅट ठरवता, आणि कॉइल बघून व्होल्टेज यंत्र स्वतः ठरवतं. हे दुसऱ्या जातीचं आहे!"

"प्रूफ?" मिस्टर लिमनी विचारलं.

निशिकांत तरातरा पुढे आला, वस्तू हातात घेतली आणि तिच्याकडे न बघता अंगठ्याने खटखटखट तीनदा बटण दाबलं. मेनू उघडला. "वन पॉइंट एट ओहम," तो स्क्रीनकडे न पाहताच म्हणाला.

टाळ्यांचा कडकडाट झाला. हेमचंद्रांनी उदार मनाने चूक कबूल केली आणि आभाराचा ठराव मांडला. चारुदत्तांनी अनुमोदन दिलं. निशिकांत कृतार्थ होऊन हसला. मिस्टर लिमनी अदबीने त्याचा फ्लॅट नंबर विचारला, आणि त्याने तो ब्लॉकसकट सांगितला. सांगून झाल्यावर मात्र त्याचं हसू हळूहळू मावळत गेलं.

वस्तू आणि फ्लॅट नंबर, दोन्ही रीतसर वर, सरकारकडे, पाठवण्यात आली. सुलेखा रागावली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त विचारलं, "कशासाठी बोललास?" तो म्हणाला, "हेमचंद्र व्होल्ट नि वॅट एकच म्हणाले गं." ती उठून श्रियाच्या शाळेचे कागद कपाटात ठेवून आली. मला दोघांचीही दया आली.

पुढे मी मिस्टर लिमना एकदा विचारलं, की मुद्दाम नेमकं चुकीचं बोलण्याइतकं व्होल्ट-वॅटमधलं तुम्हाला कसं कळतं?

"मला कुठे कळतं?" ते म्हणाले. "पण इथे कितीतरी वर्षं काम करतोय. तुम्हा लोकांना खरं विचारलं तर सगळे गप्प. चुकीचं बोललं की सगळे हात वर."

त्यांच्या बोलण्यात तथ्य किती, हे तपासायला माझ्याकडे साधन नाही. तेव्हा वाचकांसाठी सार तेवढं सांगतो: व्होल्टेज तेच ठेवून ओहम दुप्पट केले, की वॅटही दुप्पट होतात. ज्यांनी हे वाचून आत्ता तोंड उघडलं, त्यांनी कृपया आपला फ्लॅट नंबरही सांगावा.